चर्चमधल्या चित्रातल्या बाळाची चप्पल का निसटलीय?

करवंद
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. इथे वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतची माणसं आहेत म्हणून विचारतेय. मे महिन्यात मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला वेंगुर्ल्याजवळच्या एका चर्चमध्ये गेले होते. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कोकणीत, अर्धंमुर्धं कळत होतं, त्यामुळे मी आपली भिंती न्याहाळत बसले. बाजूच्या अल्तारावर (वेदीवर) एक चित्र होतं. मागे सगळं सोनेरी, निळ्या वस्त्रातली मरियामाता, तिच्या हातावर बाळ येशू, वरच्या दोन कोपऱ्यांत दोन पिटुकले पंखवाले देवदूत आणि त्यांच्याकडे कसलंसं सामान. आणि बाळाच्या एका पायातली चप्पल सुटून नुसत्या पट्ट्यावर लोंबतेय! बाकी चित्र एवढं गंभीर, कोणी हसत नाही, आणि मध्येच ही चप्पल. एकदा दिसल्यावर मला दुसरं काही दिसेचना.

मैत्रिणीच्या आजीला विचारलं तर म्हणाली, "गो, तो भियालो, धांवत इलो आवशीकडे." कशाला भ्यायला हे विचारेपर्यंत फोटोसाठी हाक आली आणि राहिलंच. बरं आई बाळाकडे बघतच नाहीये, सरळ आपल्याकडे बघतेय.

तर हे चित्र कुठलं, त्यामागे काही कथा आहे का, आणि चप्पल??

खवचट खेकडा
सोप्पंय. आत शिरल्यावर आठवलं की चपला बाहेर काढायच्या राहिल्या.

दर्यावर्दी
छातीतून लाल आणि पांढरे किरण निघतात तेच ना? आमच्या रिक्षावाल्याच्या काचेवर आहे.

सोलकढी रिटर्न्स
@दर्यावर्दी, नाही हो, ते दैवी दयेचं चित्र, त्यात येशू मोठा आणि एकटा उभा असतो. ते अगदी अलीकडचं, १९३४ चं. पोलंडच्या फाउस्तिना नावाच्या सिस्टरला दर्शन झालं आणि तिने एका चित्रकाराकडून काढून घेतलं. काढून झाल्यावर ती रडली म्हणे, की मी पाहिलं तितकं सुंदर हे नाहीच. करवंदताई विचारतायत ते त्याच्या चारपाचशे वर्षं आधीचं.

पापडीचा पाव
करवंद, ही नित्य सहाय माता. आमच्या वसईत कुठल्याही घरात जा, टीव्हीच्या वर नाहीतर देव्हाऱ्यात हिचा फोटो सापडेल. माहीमला बुधवारी जी नोव्हेना, म्हणजे नवसाची प्रार्थना, असते, जिच्यामुळे त्या रस्त्यावर बस मुंगीच्या पावलाने जाते, ती हिचीच. १९४८ पासून चालू आहे, आणि रांगेत निम्मे लोक ख्रिस्ती नसतात. कथा आहे, आणि भारी आहे, चोरीपासून सुरू होते. रात्री लिहितो, आता स्टेशनवर उभा आहे.

खवचट खेकडा
चोरी म्हणजे चपलेचीच असणार, लिहून घ्या.

गजाली काकू
रे बाबा पावा, उगाच पुढे ढकलू नको, जेवण करून लगेच लिही. मी जागी आहे.

पापडीचा पाव
आलो. आमच्या आजीने सांगितलेली आणि नंतर फादरांकडून ऐकलेली अशी मिळून लिहितो.

क्रीट बेटावर, म्हणजे आताच्या ग्रीसमध्ये, एका चर्चमध्ये हे चित्र होतं आणि पावणारं म्हणून त्याचा बोलबाला होता. एका व्यापाऱ्याने ते उचललं, मालाच्या गाठोड्यात दडवलं आणि जहाजात बसला. भर समुद्रात वादळ. खलाशी मरियामातेचा धावा करायला लागले, आणि जिचा धावा चाललाय ती खाली गाठोड्यात, हे त्यांना बिचाऱ्यांना माहीतच नाही. जहाज वाचलं. वर्षभराने हा रोमला पोचला, तिथे आजारी पडला, आता काही खरं नाही असं दिसल्यावर मित्राला बोलावून म्हणाला की हे पाप माझ्या उरावर आहे, चित्र कुठल्यातरी चांगल्या चर्चमध्ये नेऊन दे. मित्राने शब्द दिला. पण त्याच्या बायकोला ते चित्र इतकं आवडलं की तिने ते आपल्या झोपायच्या खोलीत लावलं आणि द्यायला साफ नकार. मग मरियामाता त्या मित्राला पुन्हापुन्हा दर्शन देऊन सांगते की मला इथून हलव, तो टाळाटाळ करतो आणि शेवटी मरतो. तरी बाई ऐकत नाही! शेवटी माता त्यांच्या लहान मुलीला दिसली. आणि तिला पत्ताच दिला, रोममधली दोन मोठी बॅसिलिका, म्हणजे मानाची चर्चेस, आहेत, सांता मारिया माज्जोरे आणि लातेरानचं सेंट जॉन, त्या दोघांच्या मध्ये मला ठेवा. तिथे सेंट मॅथ्यूचं छोटं चर्च होतं. २७ मार्च १४९९ ला मिरवणुकीने चित्र तिथे गेलं आणि जवळजवळ ३०० वर्षं तिथे राहिलं.

गजाली काकू
त्या बायकोचां काय चुकला? घरात इलेली लक्ष्मी कोण भायर धाडता?

तर्कट
छान गोष्ट आहे, पण जरा साचा बघा. चोरी, वादळ, पश्चात्ताप, स्वप्न, ऐकलं नाही की मृत्यू, मग निरागस मुलगी. आपल्या किनाऱ्यावरच्या अर्ध्या देवस्थानांची हीच गोष्ट आहे. देव समुद्रातून येतो, कोळ्याच्या जाळ्यात लागतो, कोणाच्या तरी स्वप्नात जाऊन "मला अमुक जागी ठेव" म्हणतो. जागेवर हक्क सांगायचा असला की देवाच्या तोंडून पत्ता वदवून घेतात. सेंट मॅथ्यू चर्चच्या लोकांना चित्र आपल्याकडेच का, हे सांगायचं होतं, झाली गोष्ट तयार. श्रद्धेवर टीका नाही, फक्त निरीक्षण.

रातांबा
+१. वांद्र्याच्या मोत माऊलीचं (माउंट मेरी) तेच. कोळ्याला आधी स्वप्न, मग समुद्रात मूर्ती. आणि आमच्या गावच्या देवीचंही तेच, फक्त कोळ्याच्या जागी गुराखी.

पापडीचा पाव
तर्कट, साचा एक असला म्हणून खोटं कसं? बाळंतपणं सगळी एकसारखीच असतात, मुलं वेगळी निघतात ना. आणि ही हकीकत चर्चमध्ये चित्राजवळ चर्मपत्रावर लिहून लावलेली होती, काल कोणीतरी व्हॉट्सअॅपवर बनवलेली नाही.

तर्कट
चर्मपत्र हे त्या काळचं व्हॉट्सअॅपच होतं की :)

खवचट खेकडा
हसून हसून पुरेवाट. "हा संदेश अकरा चर्चना पाठवा."

शेंदूर
उशिरा आले. चित्रकलेच्या बाजूने थोडं लिहिते, कारण इथे खरी गंमत त्या काळच्या बाजारात आहे.

क्रीट तेव्हा व्हेनिसच्या ताब्यात होतं (१६६९ ला तुर्कांनी घेईपर्यंत). त्याची राजधानी कँडिया, आजचं हेराक्लिओन. १४५३ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपल तुर्कांकडे गेल्यावर तर पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांची ही चित्रकला मुख्यतः क्रीटमध्येच तगली आणि फोफावली. गिऱ्हाईक दोन्हीकडचं, ग्रीक ख्रिस्ती वेगळ्या पद्धतीचं मागायचे, व्हेनिसकडचे लॅटिन लोक वेगळ्या. लाकडी फळीवर पांढरा लेप, त्यावर सोन्याचा वर्ख, अंड्याच्या बलकात कालवलेले रंग. धंदा किती जोरात होता तर १४९९ च्या जुलैमधला एक करार सापडलाय, दोन व्यापाऱ्यांनी तीन चित्रकारांना मरियामातेची ७०० चित्रं सांगितली, ५०० लॅटिन पद्धतीची, २०० ग्रीक पद्धतीची, आणि मुदत ४५ दिवस! आपल्याकडे श्रावणाच्या तोंडावर पेणला गणपतीच्या कारखान्यांत जी धावपळ असते तीच. एकजण नुसते कपडे रंगवणार, एकजण नुसते डोळे. एल ग्रेको हा नंतर स्पेनमध्ये गाजलेला चित्रकारसुद्धा ह्याच कँडियाचा.

करवंदने पाहिलं तो प्रकार, म्हणजे देवदूत येशूच्या पुढच्या दुःखसहनाची साधनं (क्रूस, खिळे वगैरे) घेऊन येतात आणि बाळ वळून बघतं, हा क्रीटमध्ये पंधराव्या शतकात आंद्रेआस रित्झोस नावाच्या चित्रकाराच्या हाताखाली फार लोकप्रिय झाला. तशी बरीच चित्रं युरोपभर आहेत. रोमचं त्यातलं एक.

तर्कट
शेंदूर, हे उत्तम. पण मग व्यापाऱ्याला चोरायची गरजच काय होती? बाजारात ढिगाने मिळत होतं की.

पापडीचा पाव
विकत मिळणारं वेगळं आणि पावणारं वेगळं. दुकानातली मूर्ती आणि गाभाऱ्यातली मूर्ती तुमच्यासाठी एकच का?

तर्कट
माझ्यासाठी एकच, पण मुद्दा पोचला. व्यापाऱ्यासाठी एक नसणार.

शेंदूर
वयाचं म्हणाल तर १९९० च्या दशकात व्हॅटिकनच्या म्युझियमवाल्यांनी तपासणी केली, कार्बन चाचणीत लाकूड साधारण १३२५ ते १४८० ह्या काळातलं निघालं. म्हणजे १४९९ ला रोमच्या चर्चमध्ये पोचलं ह्याला लाकडाची तरी हरकत नाही. वादळाचं आणि स्वप्नांचं लाकूड काही सांगत नाही.

दर्यावर्दी
पावभाऊ, ३०० वर्षं राहिलं म्हणालात. मग पुढे?

पापडीचा पाव
पुढचा भाग मला पहिल्यापेक्षा जास्त आवडतो, त्यात चमत्कार नाही पण माणसं आहेत. १७९८ मध्ये फ्रेंचांनी रोम घेतलं आणि चर्चेस पाडली, त्यात सेंट मॅथ्यू जमीनदोस्त. तिथल्या ऑगस्टिनियन संन्याशांनी चित्र वाचवलं, पुढे ते टायबर नदीजवळच्या त्यांच्या एका चर्चमध्ये आलं. पण तिथल्या मुख्य अल्तारावर दुसरीच माता होती. हे आपलं आतल्या खाजगी चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, टांगलं, ना दिवा ना फूल, लोक विसरले.

तिथे एक म्हातारा ब्रदर होता, ब्रदर ओर्सेत्ती. तरुणपणी सेंट मॅथ्यूमध्ये राहिलेला, दृष्टी जवळजवळ गेलेली. मिस्साला मदत करायला मिकेले मार्की नावाचा एक पोरगा यायचा, त्याला हा म्हातारा परत परत सांगायचा, की बघ मिकेले, वर चॅपेलमधलं ते चित्र सेंट मॅथ्यूचं, ती पावायची, विसरू नको हं. म्हातारा १८५३ ला वारला, वय ८६. आणि हा पोरगा पुढे रिडेम्प्टोरिस्ट नावाच्या धर्मगुरूंच्या संघात फादर झाला.

आता योगायोग बघा. त्या रिडेम्प्टोरिस्टांनी १८५५ मध्ये रोममध्ये जी जागा विकत घेतली तिच्यातच सेंट मॅथ्यूचं चर्च होतं, हे त्यांना नंतर जुने कागद चाळताना कळलं. मग १८६३ मध्ये जेझुइट ह्या दुसऱ्या संघाच्या एका फादरने प्रवचनात जाहीर सांगितलं की असं असं चित्र होतं, मातेने स्वतः जागा सांगितली होती, ते कुठे आहे कोणाला माहीत असेल तर बघा. आणि मार्की म्हणाला, मला माहीत आहे.

मग पोप नवव्या पायसकडे अर्ज गेला, त्यांनी हुकूम दिला आणि १८६६ च्या जानेवारीत चित्र परत त्याच जागी, नव्या सेंट अल्फोन्सस चर्चमध्ये आलं. ऑगस्टिनियनांना बदल्यात एक नक्कल दिली. आणि पोपने रिडेम्प्टोरिस्टांना सांगितलं की हिची ओळख जगभर करून द्या. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की ती माहीमपर्यंत आणि तुमच्या वेंगुर्ल्याच्या अल्तारापर्यंत आली.

गजाली काकू
त्या आंधळ्या म्हाताऱ्याची गजाल बरी वाटली. पोराक सांगून ठेवल्यान म्हणून गावला. आमच्याकडे म्हातारी माणसा सांगतत आणि पोरा मोबाईलमध्ये.

तर्कट
ह्या भागाला माझी हरकत नाही. नावं आहेत, साली आहेत, साक्षीदार आहे. फक्त ऑगस्टिनियनांची बाजू कोणी सांगत नाही. जळत्या गावातून चित्र त्यांनी वाचवलं, सत्तर वर्षं सांभाळलं, आणि शेवटी हातात नक्कल.

पापडीचा पाव
ते खरंय. आमच्या आजीच्या गोष्टीत ते नुसते "विसरलेले लोक" असायचे.

रातांबा
मला एक कायम खटकतं. आपल्या चर्चमध्ये सगळे चेहरे ग्रीक नाहीतर इटालियन. चारशे वर्षांहून जास्त झाली इथे ख्रिस्ती धर्म येऊन, एक मरियामाता नऊवारीत का नाही?

सोलकढी रिटर्न्स
रातांबा, आहे की. आंजेलो द फोन्सेका बघा. गोव्याचे, जन्म १९०२. डॉक्टरकी सोडून चित्रकलेकडे वळले, शांतिनिकेतनला अवनींद्रनाथ ठाकूरांकडे शिकले. साडीतली, सावळी, भारतीय घरातली मरिया रंगवली. गोव्यात तेव्हा लोक खवळले, ही कसली देवाची आई म्हणून. मग त्यांनी आयुष्याचा मोठा भाग पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात काढला, १९६७ ला गेले. पर्वरीला झेवियर सेंटरमध्ये त्यांची चित्रं आहेत, गोव्याला गेलात तर बीचवरून अर्धा दिवस काढा.

पापडीचा पाव
फोन्सेका ग्रेटच. पण खरं सांगू का, आमच्या आईला ती साडीतली माता दाखवली तर म्हणेल छान आहे, आणि मेणबत्ती मात्र ह्या ग्रीकवालीसमोरच लावेल. सवयीचा चेहरा तो आपला चेहरा. ग्रीक आहे हे तिला सांगितलं तर तीच मला वेड्यात काढेल.

रातांबा
म्हणजे नवऱ्यासारखं. आवड नाही, सवय.

खवचट खेकडा
करवंदताई, लग्नात जेवायला काय होतं ते लिहिलंच नाहीत. धाग्याचा मूळ विषय राहून गेला.

करवंद
सान्ना आणि डुकराचं सोरपोतेल :) पण मी शाकाहारी, त्यामुळे सान्ना आणि केक.

दर्यावर्दी
सोरपोतेल दुसऱ्या दिवशी खावं. पहिल्या दिवशी खाणारा नवशिका.

गजाली काकू
तिसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी नुसता वास घ्यायचा.

करवंद
मंडळी थांबा! कथा कळली, पोप कळला, सोरपोतेल कळलं. चप्पल??

शेंदूर
चप्पल. चित्राचा फोटो मोठा करून समोर ठेवा आणि वरच्या देवदूतांपासून सुरू करा. आपल्या डाव्या हाताला मिखाएल, त्याच्याकडे भाला आणि काठीवर लावलेला आंबेत (आंबट द्राक्षारसात) भिजवलेला स्पंज. उजवीकडे गाब्रिएल, त्याच्याकडे क्रूस आणि खिळे. दोघांनीही हे सामान उघड्या हाताने धरलेलं नाही, हातांवर वस्त्र घेतलंय, आपण पूजेची वस्तू पदरात घेतो तसं. म्हणजे ही हत्यारं असली तरी ते ती पूज्य म्हणून आणतायत. बाळाची मान गाब्रिएलकडे वळलेली आहे. त्याला पुढे काय होणार ते दिसलं, तो दचकून आईकडे धावला, धावताना चप्पल सुटली. करवंदच्या मैत्रिणीच्या आजीने सांगितलं तेच, आणि हाच सगळ्यात प्रचलित अर्थ आहे.

दुसरा अर्थ असा लावतात की जुन्या करारात रूथच्या पुस्तकात चौथ्या अध्यायात एक रीत सांगितलीय, जमिनीचा किंवा सोडवणुकीचा व्यवहार पक्का करताना चप्पल काढून समोरच्याला द्यायची. तर येशू माणसांची सोडवणूक करणार, त्या सौद्याची ही खूण. मला स्वतःला हा अर्थ जास्त पटतो, कारण ह्या पद्धतीच्या चित्रात चित्रकार उगाच गंमत म्हणून काही काढत नाही.

पापडीचा पाव
मला नाही पटत शेंदूरताई. सौदा करणारा मुलगा आईचा अंगठा पकडून बसत नाही. त्याचे दोन्ही हात बघा, आईच्या एका हातात आहेत.

तर्कट
पण चेहरा बघा. घाबरलेल्या पोराचा नाही. रडं नाही, डोळे विस्फारलेले नाहीत.

शेंदूर
ह्या शैलीत चेहरा रडका काढतच नाहीत, चेहरा देवाचा असतो. भावना बाकीच्या अंगाला द्यायची, मानेला, हातांना, पायाला. म्हणून पाव म्हणतोय त्यात दम आहे हे मान्य, तरी मी सौद्याला चिकटून आहे. आणि आईचा हात बघितलात का? तिने त्याचे हात मुठीत आवळलेले नाहीत, पंजा सैल उघडा आहे. पोराला धरूनही ठेवत नाही आणि ढकलतही नाही. त्याच पंजाने ती आपल्याला पोराकडे बोट दाखवतेय असंही म्हणतात.

गजाली काकू
चार पोरांची आई म्हणून सांगते. भिऊन आलेल्या पोराला आपण आधी जवळ घेतो आणि मग ज्याला भ्यालं त्याच्याकडे बघतो. ती आपल्याकडे बघतेय ना? मग कोणाला भ्यालं ते कळलं.

तर्कट
काकू, हे कुठल्याही अभ्यासकाने लिहिलेलं मी वाचलं नाही. लिहायला हवं होतं.

करवंद
काकू __/\__

अजून एक शेपूट. मैत्रिणीकडून फोटो मागवून घेतला, तर त्यातल्या चित्रात आई आणि बाळ दोघांना मुकुट आहेत. इंटरनेटवरच्या रोमच्या फोटोत नाहीत. हे नंतर कोणी वाढवलं?

शेंदूर
१८६७ मध्ये रोममध्ये समारंभ करून मूळ चित्रावर मुकुट बसवले होते, जुन्या छापील प्रती त्याच रूपावरून निघाल्या. ९० च्या दशकात साफसफाई केली तेव्हा काढले. तुमच्या चर्चमधली प्रत मुकुटवाल्या काळातली दिसते.

खवचट खेकडा
म्हणजे पोप, कार्डिनल सगळे जमले, डोक्यावर मुकुट चढवले, आणि चप्पल कोणी सरळ केली नाही.

दर्यावर्दी
माहीमला जायचंय एकदा, बायको म्हणतेय. मराठीत असते का नोव्हेना? आणि आम्हाला आत घेतील ना?

पापडीचा पाव
मराठीत असते, कोकणीत, हिंदीत, इंग्रजीतही असते. वेळा दाराशी बोर्डावर लिहिलेल्या असतात, फोनवर विचारून निघा. आत घेण्याचं काय, कोणी नाव-गाव विचारत नाही. बुधवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मात्र जाऊ नका, सकाळीच उरका. गाडी अजिबात नेऊ नका, पार्किंग मिळणार नाही, माहीम स्टेशनला पश्चिमेला उतरून चालत जा. मेणबत्त्या बाहेर मिळतात, भाव करा.